जुनी ओमनी घरी आहे, दर महिन्याला काम निघते : पार्ट बदलण्याआधी कारण कसे शोधायचे?

पाना_१०_१२

नमस्कार मंडळी. ओमनी कंपनीने २०१९ मध्ये बंद केली. म्हणजे आज आपल्या गावात जी ओमनी फिरते ती जुनीच, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या मालकाकडची. तरी ती घरात हवीच असते. शाळेची पोरे, बाजाराचे पोते, दवाखान्यात न्यायचा माणूस, सगळे तिच्यात मावते. गाडी मुळात साधी आहे : ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना, मागे स्प्रिंगचे पाटे. साधी असल्यामुळेच तिचे दुखणे शोधता येते. पण आपल्याकडे शोधण्याऐवजी बदलण्याची घाई होते. पैसा जातो तो तिथे.

सगळ्यात आधी एक वही करा. तारीख, किलोमीटर, तक्रार, बदललेला पार्ट, एवढेच लिहायचे. वर्षात एकच पार्ट दोनदा गेला तर दोषी तो पार्ट नाही, त्याच्या शेजारी काहीतरी आहे. दोनदा बॅटरी गेली तर चार्जिंग आणि अर्थ (बॅटरीच्या उण्याची बॉडी-इंजिनशी जोडणी) पहा. मागचे ब्रेक शू दोनदा ओले झाले तर ॲक्सलचे सील पहा, आणि सील दोनदा गेले तर त्याच्याही मागे जा (त्याबद्दल खाली लिहितो). हेड गॅसकेट दोनदा उडाले तर हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलेले आहे किंवा पाण्याचा मार्ग चोंदला आहे. पुढचा टायर एकाच बाजूने खाल्ला तर अलाइनमेंटच्या आधी लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट हलवून पहा. बुश ढिले असताना केलेले अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

सुरुवात गरम होण्यापासून करू, कारण विदर्भात या गाड्या सगळ्यात जास्त त्याच कारणाने मरतात. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या हवेत रेडिएटरला गार करायला मिळणारी हवाच तापलेली असते. हिवाळ्यात जो दोष लपून राहतो तो नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) उघडा पडतो.

तापमानाचा काटा कधी वर जातो त्यावरून अर्धे निदान होते :

उभ्या गाडीत किंवा बाजाराच्या गर्दीत वर जातो, पळत्या गाडीत खाली येतो : पंखा, त्याचा स्विच, रिले, फ्यूज.

सपाटीवर ठीक, चढावर किंवा लोड घेऊन वर : रेडिएटर आतून चोंदला, इग्निशन टायमिंग मागे आहे, किंवा ब्रेक धरून आहेत.

चालू केल्यावर दहा मिनिटांतच वर : थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकला, पाण्यात हवा अडकली, किंवा वॉटर पंप गेला.

बंद केल्यावर खदखदून पाणी बाहेर : रेडिएटरचे टोपण. रबर कडक झाले की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळते. टोपणावर ०.९ छापलेले असते. त्याच आकड्याचे घ्या. "जास्त दाबाचे चांगले" म्हणून १.१ चे लावले तर जुना होज फाटतो.

कार्बोरेटर गाडीत पंखा तपासायचा असा : चावी ऑन, रेडिएटरवरच्या थर्मो स्विचचे कनेक्शन काढा आणि दोन वायरी आपसात जोडा. पंखा फिरला तर स्विच गेला. नाही फिरला तर फ्यूज, रिले, पंख्याची अर्थ आणि शेवटी मोटर. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरच्या) गाडीत पंखा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, चालवते. तिथे वायरी जोडू नका, रिले अदलाबदल करून पहा.

खारपाण_पट्टा

पाना भाऊंनी टोपणापर्यंत सांगितले, मी टोपणाच्या आतल्या पाण्याबद्दल लिहितो. आमच्याकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यात, बोअरचे पाणी खारे. प्यायला चालत नाही, पिकाला चालत नाही, आणि रेडिएटरमध्ये मात्र बादलीने ओततात! क्षार नळ्यांमध्ये बसतात. इंजिनचे हेड ॲल्युमिनियमचे असते, खारे पाणी त्याला पाण्याच्या भोकांभोवती खाते. हेड उघडल्यावर गॅसकेटच्या जागी खड्डे दिसतात ते यामुळे. मग हेड फेसिंग करून (घासून सपाट करून) बसवतात आणि पुन्हा तेच पाणी भरतात.

रेडिएटर चोंदला आहे का ते हाताने कळते. गाडी पूर्ण तापू द्या, पंखा एकदा लागून बंद झाला की इंजिन बंद करा, चावी काढा. मग जाळीवरून तळहात फिरवा (खेटून नाही, दोन बोटे अंतर ठेवून). वरून खाली ऊब हळूहळू कमी होत गेली पाहिजे. मध्येच थंड पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत.

तांबे-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला वरची टाकी उघडून नळ्यांमधून पट्टी फिरवतो आणि पुन्हा झाळतो. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर उघडून साफ होत नाही. तो चोंदला तर नवाच घ्या. त्यात तेजाब टाकून खदखदवणाऱ्यांपासून दूर रहा. मळासोबत ॲल्युमिनियमही जाते आणि पंधरा दिवसांत बारीक गळती सुरू होते.

भरायचे काय? कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको असे म्हणतात, ते चूक आहे. आपल्याला त्यातले गंजरोधक हवे आहे आणि वाढलेला उत्कलनबिंदू हवा आहे. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी. त्यात ॲसिड नसते, घाबरू नका. डब्यावर "तयार मिश्रण" लिहिले असेल तर त्यात आणखी पाणी घालायचे नाही. हिरवे आणि लाल कूलंट एकमेकांत मिसळू नका. रंग बदलायचा तर आधी साध्या गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या.

पाना_१०_१२

अगदी बरोबर. आणि भरताना हवा काढायची पद्धतही लिहून ठेवतो, कारण इंजिन मध्ये आणि रेडिएटर पुढे असल्याने होज लांब आहेत, हवा अडकतेच.

गाडीचे तोंड चढाकडे करून उभी करा. इंजिन थंड. टोपण काढून बारीक धारेने भरा, भरताना वरचा होज हाताने दाबत रहा. बुडबुडे थांबले की टोपण उघडे ठेवूनच इंजिन चालू करा, आरपीएम साधा. पाणी खाली जाईल तसे भरत रहा. वरचा होज एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. मग टोपण लावा, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पुन्हा पातळी पहा. बहुतेकदा अर्धा पेला कमी झालेले असते, ते भरा.

गरम टोपण कधीही उघडू नका. ओला फडका ठेवूनही नाही.

पऱ्हाटी

दादा, आमच्या इकडले सारेच मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. म्हनतात उन्हाळ्यात त्याचे कामच नाई. अन् खरंच, काढल्यावर काटा खाली येते. मग काऊन ठेवाचा?

पाना_१०_१२

काटा खाली येतो हे खरे आहे, म्हणूनच हा सल्ला इतका टिकला. पण काय होते ते पहा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून सगळीकडे फिरते आणि छोट्या फेरीत इंजिन तापायला फार वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाच किलोमीटरच्या फेरीत ते तापतच नाही. थंड इंजिनमध्ये पेट्रोल पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, रिंगा घासतात. डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या कांडीला) पेट्रोलचा वास येतो तो हाच. एमपीएफआय गाडीत ईसीएमला इंजिन थंडच वाटते, ती जास्त पेट्रोल देत राहते आणि ॲव्हरेज पडतो.

थर्मोस्टॅट काढल्याने गाडी सुधारली असेल तर दोनपैकी एक गोष्ट आहे : थर्मोस्टॅट खराब होता, किंवा रेडिएटर चोंदला आहे आणि तुम्ही त्याला थोडी उसंत दिली. तपासणे सोपे आहे. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, गॅसवर ठेवा. पाणी उकळायला लागण्याच्या बऱ्याच आधी तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. मिटत नसेल तर नवा घ्या. बसवताना त्याचे बारीक भोक किंवा हलती पिन वरच्या बाजूला, हवा तिथून निघते.

फाट्यावरचा

परतवाड्यावरून चिखलदऱ्याले चढताना काटा तीन चतुर्थांशवर जाते, खाली सपाटीवर अर्ध्यावर राह्यते. पंखा फिरते. पानी कमी होत नाई. २००८ ची एमपीएफआय, एलपीजी किटची आरसीवर नोंद आहे. कुठून सुरू करू?

खारपाण_पट्टा

भाऊ, पाणी कमी होत नाही ही चांगली खूण आहे, हेड गॅसकेट बहुधा शाबूत. तरी खात्री करा : थंड इंजिनचे टोपण उघडून चालू करा आणि थोडी रेस द्या. हवा काढल्यानंतरही बुडबुडे सतत येत असतील, किंवा थंड गाडी चालू केल्याबरोबर मिनिटभरात होज दगडासारखा कडक होत असेल, तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये जाते आहे. (फक्त झाकणाखाली थोडी साय आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर ती थंडीतल्या छोट्या फेऱ्यांची वाफही असते, लगेच हेड उघडू नका.)

मग रेडिएटरच्या थंड पट्ट्याची चाचणी. मग बाहेरून : जाळीत कापसाचे तंतू, किडे, गवताचे बी. कापूस वेचणीच्या दिवसांत रेडिएटरच्या तोंडावर अक्षरशः गादी बसते. ते आतून बाहेर, म्हणजे इंजिनकडून पुढे, हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली तर पापुद्रे झोपतात आणि हवा कायमची बंद होते.

तिसरे, चारही चाके. दहा किलोमीटर चालवून चाकाच्या मध्याजवळ हात न्या. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल तर तो ब्रेक धरून आहे, इंजिन चढावर त्यालाही ओढते आहे.

मेळघाटवाला

एलपीजी आहे म्हणता, तर चढ एकदा पेट्रोलवर चढून पहा. पेट्रोलवर काटा ठीक आणि गॅसवर वर जात असेल तर मिश्रण पातळ आहे. गॅसचा फिल्टर चोंदला किंवा व्हेपोरायझरचा (द्रव गॅसची वाफ करणाऱ्या डब्याचा) पडदा कडक झाला. व्हेपोरायझरला इंजिनच्या गरम पाण्याचे दोन बारीक होज जातात. आठ-दहा वर्षांत ते फुटतात आणि कोणी पाहतच नाही. त्यातच हवाही अडकते.

चढावर टॉप गिअरमध्ये इंजिन दाबून चालवू नका. दुसरा-तिसरा घ्या, आरपीएम वर राहू द्या. पंपातून पाणी आरपीएमवर फिरते. गुदमरत चढणारे इंजिन जास्त तापते. उतरतानाही त्याच गिअरमध्ये उतरा. चिखलदऱ्याहून न्यूट्रलमध्ये सोडलेली भरलेली व्हॅन म्हणजे तापलेले ब्रेक आणि दगडासारखे पेडल दाबूनही न थांबणारी गाडी.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरगुती सिलिंडरमधून गाडीच्या टाकीत गॅस भरणे गुन्हा तर आहेच, पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो, आणि या गाडीत इंजिन त्याच तळाशी, सीटखाली आहे. एक ठिणगी पुरते. आरसीवर नोंद नसलेल्या किटवर विमाही वादात पडतो. कृपया करू नका.

बॅटरी_बारा_व्होल्ट

विजेचा भाग मी घेतो. "सेल्फ मारत नाही" म्हटल्याबरोबर बॅटरी बदलतात. आधी मल्टिमीटर घ्या.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, निदान नंतर. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले पाहिजे. १३ च्या खाली म्हणजे अल्टरनेटर, त्याचे कार्बन किंवा ढिला पट्टा. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला, तो बॅटरी उकळून मारतो. अशा गाडीला कितीही नव्या बॅटऱ्या घाला, सहा महिन्यांत जातील.

आता जुन्या व्हॅनचे खरे दुखणे : अर्थ. बॅटरीच्या उण्यापासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला पट्टी जाते. ती खाली असते, चिखल-पाणी खाते, आतून हिरवी होते. मीटर २ व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या उण्या खांबावर (टर्मिनलवर नाही, खांबावर), दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ च्या वर आकडा आला तर पट्टी काढा, दोन्ही टोके पॉलिश पेपरने चमकवा, घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा. जाड नवी पट्टी घातली तर आणखी चांगले. मंद हेडलाइट, पेट्रोलचा खोटा काटा, हळू पंखा हे तिन्ही याच एका पट्टीने सुधारलेले दिसतात. पंखा हळू फिरतो म्हणून गाडी तापते, म्हणजे वरच्या चर्चेलाही ही पट्टी लागू आहे.

दोन दिवस उभी राहून बॅटरी उतरत असेल तर : सगळे बंद, दारे बंद, उण्याची वायर काढून मध्ये मीटर १० ॲम्पिअरवर लावा. ५० मिलीॲम्पिअरपेक्षा जास्त दिसले तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा पडेल तिथे चोर आहे. बहुधा नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा सेंट्रल लॉक निघतो. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

सोयाबीन निघाल्यावर उंदीर घराकडे येतात आणि गरम इंजिनवर बसतात. गाडी आठवडाभर उभी असेल तर सीट उचलून वायरी पाहिल्याशिवाय चालू करू नका.

पऱ्हाटी

कार्बोरेटरच्या गाडीचा एक प्रश्न. भर दुपारी अर्धा तास उभी केली की चालूच होत नाई. संध्याकाळी एका सेल्फमध्ये चालू. पेट्रोलचा वास येत नाई.

पाना_१०_१२

वास येत नाही ही मोठी खूण. वास असता तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो, म्हणजे फ्लोटची सुई, असे म्हणालो असतो. वास नाही म्हणजे पेट्रोल पोचत नाही किंवा ठिणगी नाही.

आधी ठिणगी पहा, कारण गरम झाल्यावर इग्निशन कॉईल दगा देते आणि थंड झाली की पुन्हा ठीक होते. प्लग काढून इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. निळी, करकरीत ठिणगी हवी. पिवळी-लालसर किंवा तुटक असेल तर कॉईल, प्लग वायर, डिस्ट्रिब्युटरचे टोपण. प्लगचा गॅप कार्बोरेटर गाडीत ०.७ ते ०.८ मिमी.

ठिणगी ठीक तर पाइपात पेट्रोलची वाफ झाली. मेकॅनिकल पंप द्रव ओढतो, वाफ ओढत नाही. पंपावर आणि पाइपावर ओला फडका ठेवा, दहा मिनिटांत चालू झाली तर निदान पक्के. उपाय : पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या फांदीपासून लांब घ्या, उष्णतारोधक नळी चढवा, इंजिनच्या कव्हरखालचा फोम आणि कडेचे रबर पूर्ण आहे का पहा. ते रबर निघालेले असेल तर उष्णता नुसती सीटला लागत नाही, सायलेन्सरचा धूरही केबिनमध्ये येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. मागे पोरे झोपलेली असतात, हे रबर कधीही उद्यावर टाकू नका.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या गाडीचे रबरी होज, फ्लोट सुईचे टोक, पंपाचा पडदा हे त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात, काळे कण सोडतात. होज दाबून पहा, चिकट किंवा चिरलेला असेल तर इथेनॉल चालणारा होज आणि नवी क्लिप लावा, सोबत प्लास्टिकचा फिल्टरही. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात टाकी तळाला नेऊन महिनाभर गाडी उभी ठेवू नका.

मेळघाटवाला

मागच्या ॲक्सलबद्दल लिहिणार होता पाना भाऊ, राहिले.

पाना_१०_१२

लिहितो. मागच्या ड्रममध्ये ओल दिसली की बोटाला लावून पहा. पातळ, जवळपास बिनवासाचे असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचे) ऑइल, म्हणजे ॲक्सल सील. सील बदलायच्या आधी ॲक्सलच्या नळीवर वर एक छोटी टोपी असते ती शोधा. ती हवेची वाट, ब्रीदर. आपल्या काळ्या मातीचा चिखल तिच्यावर बसतो आणि सुकून सिमेंट होतो. गाडी धावली की आतली हवा तापून फुगते, वाट नसल्यामुळे सीलमधून ऑइल घेऊन बाहेर पडते. टोपी खोलून डिझेलने धुवा, हाताने फिरते-दबते का पहा. पांदण रस्त्याने जाणाऱ्या गाडीचे हे काम दर पावसाळ्यानंतर करायचेच. ऑइलने भिजलेले शू धुऊन लावू नका. लायनिंगने तेल प्यायलेले असते, गरम झाल्यावर पुन्हा बाहेर येते. दोन्ही बाजूंचे शू एकत्र बदला, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढेल.

ब्रेकची हवा काढताना लांबचे चाक आधी : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, डब्यावर डॉट ३ पाहून, सीलबंद डब्याचे. उघडा ठेवलेला अर्धा डबा हवेतले पाणी ओढतो, तो घाटात उकळतो.

डिफरन्शियलची पातळी : सपाट जागी भरायचा बोल्ट उघडा, ऑइल भोकाच्या काठाशी असले पाहिजे. भरायचा बोल्ट उघडतो का हे पाहिल्याशिवाय खालचा ड्रेन बोल्ट कधीही सोडू नका.

गिअर बदलताना खालून "टण" आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे जोड. काढताना शाफ्ट आणि फ्लँजवर रंगाची खूण करा आणि त्याच खुणेवर बसवा, नाहीतर नवीन क्रॉस घालूनही ६० च्या पुढे थरथर सुरू होते.

फाट्यावरचा

मागे पाटा वाढवला तं चालते का? बोचके भरले की बसते गाडी.

मेळघाटवाला

नका वाढवू. पाट्याने गाडी उचलली जाते, पण ब्रेक, ॲक्सलचे बेरिंग, टायर तेवढेच राहतात. रिकामी गाडी मग उड्या मारते आणि पत्रा पाट्याच्या जोडणीपाशी फाटतो. तिथला पत्रा आधीच सडलेला असतो, स्क्रूड्रायव्हरने टोचून पहा. मूळ पाटे बसले असतील तर मूळ मापाचेच नवे घाला, मध्यल्या बोल्टसकट, आणि यू-बोल्ट ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

कागदपत्र_ताई

गाडी घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी थोडे कागदांचे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. ती संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ वर नूतनीकरण, गाडी आरटीओत दाखवावी लागते, मुदत ५ वर्षांनी वाढते. चारचाकीचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून त्याहून जास्त. पर्यावरण कर वेगळा. म्हणून १४ वर्षांची गाडी "स्वस्त" सांगितली तर हा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. बैतूल, छिंदवाडा, बालाघाट किंवा छत्तीसगडकडची गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत, फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. इकडचा कर पुन्हा भरावा लागतो. विमा तुमच्या नावावर १४ दिवसांत करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. ई-चलान बाकी आहे का पहा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लागते, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

आरसीवरची आसने मोजा. मालवाहू किंवा रुग्णवाहिका म्हणून नोंद झालेल्या गाडीत बाकडे टाकून "फॅमिली" म्हणून विकतात. फरशीत जुन्या बोल्टची बुजवलेली भोके शोधा. पांढऱ्या रंगाखाली दुसरा रंग दाराच्या बिजागरीपाशी दिसतो.

बॅटरी_बारा_व्होल्ट

ताईंच्या यादीत एक भर. घेण्याआधी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे मीटर) लावायला सांगा. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. तिन्ही आकड्यांत १ किलोपेक्षा जास्त फरक नको. एक कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. व्हॉल्व्ह असेल तर हेडचे काम, खर्च मर्यादित. रिंगा असतील तर पूर्ण इंजिन उतरवावे लागते. इतका फरक या एका चमच्यात आहे.

पऱ्हाटी

धूर मारणाऱ्या गाडीत जाड ऑइल टाकले की धूर कमी होते, हे तं खरं हाये ना?

पाना_१०_१२

काही दिवस कमी होतो. जाड ऑइल थंड सकाळी वर कॅमपर्यंत उशिरा पोचते आणि तिथे घासते. धूर कधी येतो ते आधी पहा. सकाळी चालू करताना एकच निळा ढग आणि मग साफ : व्हॉल्व्ह सील. ते स्वस्त रबर आहेत. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर : तेही बहुधा सीलच. सतत, जोर लावला की जास्त : रिंगा. पांढरा आणि गोडसर वासाचा : पाणी जळते आहे, थांबा. ऑइल पावणेतीन ते तीन लिटरच्या आसपास बसते, पण लिटरवर नाही, डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर भरा. खुणेच्या वर भरलेले ऑइलही धूर करते.

फाट्यावरचा

पाना भाऊ, खारपाण भाऊ, तुमच्या क्रमानं पाह्यलं. बुडबुडे नाई. पेट्रोलवर अन् गॅसवर काटा सारखाच. चाकं चारही सारखी. रेडिएटरवर उजवीकडे चार बोटं थंड पट्टा सापडला. रेडिएटरवाल्यानं टाकी उघडली तं पांढरा चुना भरलेला. रॉडिंग केलं (नळ्यांतून पट्टी फिरवली), टोपन नवं टाकलं, थर्मोस्टॅट मागच्या मालकानं काढलेला होता तो बसवला, कूलंट अन् बॅटरीचं पानी निम्मं-निम्मं. परवा घाट चढली, सहा मानसं होती, काटा अर्ध्याच्या जरासा वर जाऊन थांबला.

खारपाण_पट्टा

झाले तर मग. आता कूलंटच्या बाटलीवर आजच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि महिनाभर रोज सकाळी, चालू करण्याआधी पहा. जुना चुना अजून इंजिनच्या आत आहेच, तो सुटून येईल. दोन-तीन महिन्यांत कूलंट गढूळ दिसले तर एकदा काढून पुन्हा तसेच भरा. आणि गाडीत मागे पाच लिटरचा बॅटरीच्या पाण्याचा कॅन ठेवा, म्हणजे रस्त्यात कमी पडले तर कोणाच्या बोअरवर जावे लागणार नाही.

फाट्यावरचा

कॅन आजच ठेवतो. अर्थची पट्टी रविवारी पाह्यतो, पंखा जरा हळूच वाटते.